तो सोबतच्या मंडळीत असेल, असे समजून

सलाम ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, एकदा रात्री आणि एकदा पहाटे. तुम्ही चौथ्या पिढीच्या ख्रिस्ती. माहेर नगर जिल्ह्यातले, आता वस्ती पिंपरीला. बारा वर्षे शब्बाथशाळा शिकवता, गायनसंघात गाता. नाताळच्या गोष्टीत मेंढपाळ कधी येतात आणि मागी लोक कधी, हे झोपेतून उठवले तरी सांगाल. आणि परवा भाजी निवडताना तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाने विचारले, "आई, आपण ख्रिस्ती का आहोत?" तुम्ही म्हणालात, "अरे, आपण जन्मापासूनच आहोत." तो "बरं" म्हणून खेळायला गेला, पण तुमची झोप उडाली. त्याच महिन्यात मंडळीत नुकताच बाप्तिस्मा घेतलेली एक बाई प्रभुभोजनाच्या वेळी रडत होती आणि तुम्ही मनात डब्याचा हिशोब करत होतात, हेही तुम्ही लपवले नाही. तुम्ही विचारता की हा विश्वास आहे की नुसती सवय, आणि सवयच असेल तर या वयात काय करायचे.

मी ३४ वर्षे पाळक होतो. हा आजार मला झगा अंगावर असताना जडला होता, म्हणून मोकळेपणाने लिहितो. उत्तर लांबेल.

पहिली गोष्ट, सवयीला घाबरू नका. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू नासरेथला येतो तेव्हा तो "आपल्या परिपाठाप्रमाणे" शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला, असे लिहिले आहे. परिपाठ म्हणजे सवयच. तीच जागा, तेच शास्त्रपाठ, तीच स्तोत्रे, लहानपणापासून. देवाच्या पुत्रालाही दर आठवड्याची ठरलेली उपासना होती आणि तिची त्याने कधी लाज धरली नाही. आपल्याकडे काही तरुण पाळक सवय हा शब्द शिवी दिल्यासारखा वापरतात. मला ते पटत नाही. ज्या घरात रोज संध्याकाळी प्रार्थना होते त्या घरातल्या पोराला संकटात निदान गुडघे टेकण्याची जागा तरी माहीत असते.

पण त्या सभास्थानात त्या दिवशी आणखीही लोक बसले होते, आणि तेही परिपाठाप्रमाणेच आले होते. त्यांनी त्याचे बोलणे ऐकले, आश्चर्य केले आणि मग म्हणाले, हा योसेफाचाच मुलगा ना? मार्कच्या सहाव्या अध्यायात हेच जरा सविस्तर आहे. हा सुतार, हा मरीयेचा मुलगा, याचे भाऊ आपल्याला माहीत आहेत, याच्या बहिणी इथेच आहेत. यातले एकही वाक्य खोटे नाही. त्यांची माहिती अगदी बरोबर होती. पिकते तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. पिकणारा माल वाईट नसतो. आपण तो इतका पाहिलेला असतो की आता पाहण्यासारखे काही उरले नाही असे वाटते. प्रभू आश्चर्यचकित झाला असे शुभवर्तमानांत दोनच प्रसंगी लिहिले आहे. एकदा कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीचा विश्वास पाहून, आणि एकदा नासरेथकरांचा अविश्वास पाहून. एक परका, इस्राएलाबाहेरचा. आणि दुसरे त्याच्या आळीतले, ज्यांनी त्याला अंगणात खेळताना पाहिले होते. ही दोन्ही वचने मी कितीतरी वर्षे वेगवेगळ्या रविवारी सांगितली. ती शेजारी ठेवून पाहायची बुद्धी फार उशिरा झाली.

आता तुमच्या पत्राला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रसंग लूकच्या दुसऱ्या अध्यायातला. प्रभू बारा वर्षांचा, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा एकाच वर्षाने मोठा. वल्हांडण सणासाठी सगळे यरुशलेमेला गेले, सण संपला, परत निघाले. तो मागे राहिला आणि आईबापांना ते कळले नाही. तो सोबतच्या मंडळीत असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. लक्ष द्या ताई, हे कोण? मरीया आणि योसेफ. त्यांच्याइतकी त्याची ओळख जगात कोणाला होती? आणि ते काही वाईट ठिकाणी निघाले नव्हते. सण पाळून, नातेवाइकांबरोबर, गाणी म्हणत घरी चालले होते. मंडळी होती, वाट बरोबर होती, फक्त तो नव्हता. "असेल" एवढ्या एका शब्दावर ते दिवसभर चालले.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर या एका शब्दात आहे. परिचय वाईट नाही, सवय वाईट नाही, चौथी पिढी असणे तर मुळीच वाईट नाही. घात होतो तो "असेल" ने. गायनसंघात असेल, शब्बाथशाळेच्या पुस्तकात असेल, आजोबांच्या बायबलमध्ये असेल, नवऱ्याच्या प्रार्थनेत असेल. तपासायची गरज वाटत नाही. आणि तुमच्या मुलाने भाजी निवडताना विचारले ते दुसरे काही नाही, "तो बरोबर आहे का, पाहिलंस का?" एवढेच. हा प्रश्न तुम्हाला लागला, झोप उडाली. मरीयेलाही संध्याकाळी मुक्कामावर असेच लागले असेल. लागले नसते तर मला जास्त काळजी वाटली असती.

मध्येच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पाळकांनी ती न सांगितल्यामुळे माणसांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे. जर तुम्हाला प्रार्थनेतच नव्हे तर जेवणात, मुलात, झोपेत, कशातच रस वाटत नसेल आणि असे कित्येक आठवडे चालले असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न नसून मनाच्या आजाराचा असू शकतो. डॉक्टरकडे जा. त्यात विश्वासाची कमतरता नाही. तुमच्या पत्रावरून मला तसे वाटत नाही, पण विचारून घ्यावे म्हणून लिहिले. आणि न रडणे म्हणजे अविश्वास असेही मानू नका. त्या नव्या बाईचे रडणे खरे आहे, पण तिच्या अश्रूंनी स्वतःला मोजायला लागलात तर तुम्ही रडण्याची सवय करून घ्याल, आणि ती सवय पहिलीपेक्षा वाईट.

मग मोजायचे कशाने? मी लोकांना एक विचारतो. तुम्हाला आधीपासून पटत असलेल्या गोष्टीखेरीज प्रभूने तुम्हाला शेवटचे काय सांगितले? कोणत्या वचनाने तुमचा एखादा निर्णय बदलला, पैशांचा, भांडणाचा, जमिनीच्या वाटणीचा, मुलाच्या शाळेचा? जो माणूस आपल्याला कधीच अडवत नाही, त्याच्याशी आपली ओळख असते, नाते नसते. घरातल्या भिंतीवरच्या तसबिरीसारखे त्याचे होते. सरळ टांगली आहे ना, धूळ झटकली आहे ना, एवढेच आपण पाहतो.

आता माझे सांगतो. माझ्या सेवेच्या अठराव्या की एकोणिसाव्या वर्षी दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास मुलांनी स्वतः कबूल करण्याच्या, वर्गाला नऊ मुले होती. प्रार्थना कशी करावी हा धडा चालू होता. मी नमुना म्हणून प्रार्थना केली: "हे दयाळू, कनवाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी स्तुती करतो, तुझा महिमा गातो..." आमेन झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही घरी पण याच आवाजात प्रार्थना करता का?" तिने खोडी काढली नव्हती, तिला खरेच जाणून घ्यायचे होते. मुले हसली, मीही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण उत्तर असे होते की घरी मी प्रार्थना करतच नव्हतो. कुटुंबाची प्रार्थना होत होती, आजाऱ्यांसाठी होत होती, सभेच्या आरंभी आणि शेवटी होत होती. एकट्याची, दार लावून, माझ्या स्वतःच्या बोलीतली प्रार्थना केव्हा थांबली हेही मला आठवेना. उत्तम शुक्रवारी क्रूसावरच्या सात उद्गारांपैकी एकावर बोलायला वीस मिनिटे मिळतात. "मला तहान लागली आहे" या शब्दावर मी त्या वर्षीच बोललो होतो, आणि बोलताना माझी नजर समोरच्या घड्याळावर होती. वीस मिनिटांत बसते आहे की नाही, एवढीच मला चिंता. एप्रिलचे ऊन, नगरची दुपार, माझा स्वतःचा घसा कोरडा पडलेला, आणि तरी तो शब्द मला लागला नाही.

त्यानंतर मी जे केले त्याने एकदम उजेड पडला नाही. पुष्कळ दिवस मी दार लावून नुसता बसत असे आणि तो प्रार्थनेचा आवाज आपोआप सुरू होई. तो सुरू झाला की मी थांबे. मग एके दिवशी आईशी बोलायचो त्या खेड्यातल्या बोलीत म्हणालो, "देवा, मला कायबी वाटंना." मला वाटते, कित्येक वर्षांतली ती माझी पहिली खरी प्रार्थना. तुम्हीही तिथूनच सुरू करा. वाटत नाही तर वाटत नाही म्हणा, पण त्याला सांगा. स्तोत्रसंहितेत यापेक्षा कितीतरी कडक बोललेले आहे.

अशी वेळ आपल्यासारख्या सामान्यांवरच येते असेही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढची वर्षे रिकामी गेली नाहीत. त्या अमेरिकेत फिरल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले, टीका सोसली. सेवा म्हणावी तर डोंगराएवढी. आणि आपल्या साक्षीत त्या स्वतः लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो सापडलेला नाही. हे त्यांना कशामुळे उमगले? इतर गोष्टींबरोबर हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचा अनुभव वाचून. हा गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये स्वतःच्या मंडळीत पाळक होता, दीक्षा होऊन कित्येक वर्षे लोटली होती, आणि १८५१ साली एका रविवारी उपदेश करता करता त्याचाच उपदेश त्याला लागला. मंडळीतला कोणीतरी ओरडला, पाळकाचे तारण झाले! रमाबाईंसारखी संस्कृत पंडिता, जिने धर्म बदलताना स्वतःच्या बुद्धीने एकेक पायरी तपासली होती, तीही "असेल" म्हणून आठ वर्षे चालली. मला यात निराशा दिसत नाही, धीर दिसतो. त्यांनी आधीचे काम खोटे ठरवले नाही, सदन बंद केले नाही. जिथे चुकले तिथे परत गेल्या. शेवटच्या वर्षांत त्यांनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळे बायबल साध्या मराठीत आणले, ज्यासाठी त्या भाषा शिकल्या. तिथल्या त्यांच्या मुक्तिसदन आश्रमातल्या बायकांनीच ते छापखान्यात जुळवले आणि छापले. रमाबाई १९२२ साली गेल्या, ग्रंथ १९२४ साली पुरा झाला. जे पुस्तक माझ्या टेबलावर रोज उघडे असे आणि मी त्यावरून नजर फिरवून पुढे जाई, त्याच्या एकेका शब्दासाठी एक बाई म्हातारपणी बसून राहिली होती.

आता काय करायचे ते. मी तुम्हाला संजीवन सभेला जा असे सांगणार नाही. जायचे तर जा, त्यात वाईट काही नाही. पण चौथ्या पिढीच्या माणसाला नवीन गाणी, मोठा आवाज आणि रात्रीची सभा यांनी जे मिळते ते बहुधा दोन आठवडे टिकते. मी हे अनेकदा पाहिले आहे. मरीया आणि योसेफ प्रभूला शोधायला नव्या गावी गेले नाहीत. आधी नातेवाइकांत शोधले, मग जिथे तो शेवटचा बरोबर होता तिथे, यरुशलेमेला, परत गेले. इफिसच्या मंडळीला प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात प्रभू म्हणतो की तू आपली पहिली प्रीती सोडलीस. आणि उपाय सांगताना आठवण कर, पश्चात्ताप कर आणि पहिली कृत्ये कर असे म्हणतो. पहिल्या भावना आण असे तो म्हणत नाही. भावना आणणे आपल्या हाती नाही. कृत्ये हाती आहेत.

तुमची पहिली कृत्ये कोणती, ते तुम्ही आठवायचे. आणि तुमच्या आधी तुमच्या घराण्याची. तुमचे पणजोबा कोण होते, बाप्तिस्मा कोणत्या साली, कोणत्या गावी, तेव्हा काय सोडावे लागले, हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तुम्ही लिहिले आहे, "आजोबांचे वडील पहिले ख्रिस्ती", बस. जुन्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याची रजिस्टरे असतात. पाळकांना विचारून पाहा, नाव सापडले तर त्या ओळीवर बोट ठेवून मुलाला दाखवा. आपल्या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होते, आणि पुढे खेड्यापाड्यांत जे ख्रिस्ती झाले त्यांतले फार लोक गावाच्या विहिरीवर चढू न दिलेल्या जातींतले. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे इस्राएलांना बजावतो की तू न बांधलेली नगरे, न भरलेली घरे, न खणलेल्या विहिरी, न लावलेले द्राक्षमळे तुला मिळतील, तू खाऊन तृप्त होशील, तेव्हा ज्याने तुला दास्यगृहातून आणले त्याला विसरू नकोस. न खणलेल्या विहिरी हे शब्द मी नगर जिल्ह्यातल्या मंडळीत वाचतो तेव्हा मला ते अलंकारिक वाटत नाहीत. कोणीतरी खरोखर खणली. कोणीतरी पहिल्यांदा ताठ मानेने पाणी काढले. त्याच्या पणतीला आज नळाला पाणी येते, आणि विश्वासही तसाच येतो, तोटी फिरवली की. यात पणतीचा गुन्हा नाही. पण विहीर तिने एकदा तरी वाकून पाहावी.

एक सांभाळा मात्र. पूर्वजांची कथा ऐकून पूर्वजांच्या विश्वासावर जगता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण घ्या. नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले आणि घर मोडले; त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही, नवरा ख्रिस्ती म्हणून आपण ख्रिस्ती, असे त्यांनी केले नाही. जातीचा प्रश्न त्यांनी स्वतः मनात सोडवला, स्वतःच्या पायांनी चालत आल्या, आणि मग बाप्तिस्मा. टिळकांसारखा माणूस घरात असताना! ताई, तुम्हाला ही वाट उलटी चालायची आहे. बाप्तिस्मा आधी मिळाला, चालणे आता.

दुसरे, रोज तोंडात असलेला एखादा शब्द घ्या आणि ती वस्तू जाऊन पाहा. मी तेविसावे स्तोत्र किती प्रेतयात्रांत म्हटले त्याला गणती नाही. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही. आमच्या मंडळीच्या मागे शेत होते आणि दिवाळीनंतर घाटाखाली उतरणाऱ्या धनगरांचा वाडा त्यात बसे. मालक त्यांना धान्य देई, मेंढ्यांचे खत शेताला मिळे. वर्षानुवर्षे भिंतीच्या अलीकडे मी मेंढपाळ मेंढपाळ म्हणत होतो आणि पलीकडे मेंढपाळ बसलेला होता. त्या मुलीच्या प्रश्नानंतरच्या हिवाळ्यात एका रात्री मी तिकडे जाऊन बसलो. मेंढ्या वाघरीत घातल्या होत्या, म्हणजे जाळीचे कुंपण करून आत. दोन कोकरे वाटेतच जन्मली होती. ती घोड्यावरच्या सामानात बांधून आणली होती, कोंबड्यांशेजारी. बाईने भाकरी थापायला फार उशीर झाला होता, कारण व्यालेल्या मेंढीसाठी सगळा तांडा थांबला. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात कोकरांना उराशी धरून आणि पोरे पाजणाऱ्यांना सांभाळून नेतो असे आहे, ते मी तोंडपाठ म्हणत असे. मी म्हाताऱ्याला विचारले, उद्या चारा कुठे? तो म्हणाला, "बघू. सकाळी उठून पुढं जाऊन बघून येतो." मेंढ्या रवंथ करत होत्या. कुत्री जागी होती आणि तोही जागा होता, कारण त्या भागात लांडगा होता. मेंढीला काही उणे पडत नव्हते, ते उणे तो माणूस सोसत होता म्हणून. उशिराची भाकरी, थंडी, जागरण, सगळे त्याच्या वाट्याचे. मी घरी येऊन स्तोत्र उघडले आणि पहिल्या ओळीच्या पुढे गेलो नाही.

पिंपरीत धनगर कुठून आणू, असे म्हणाल. भाकर आहे. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" हे वाक्य तुम्ही दिवसातून निदान एकदा म्हणता. एक दिवस फक्त त्या वाक्यापाशी थांबा. त्या दिवशी घरात आलेले धान्य कोणाच्या हातून आले, शेजारी कोणाकडे आज नाही, "माझी" न म्हणता "आमची" का म्हटले आहे. प्रभूची प्रार्थना पुरी नाही झाली तरी चालेल. भाकरीचा कोणाला कंटाळा आलेला मी पाहिला नाही, आणि ती तर आपण आयुष्यभर तीच खातो. कंटाळा येतो तो भूक नसलेल्याला. अरण्यात इस्राएलांसाठी आकाशातून मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, शब्बाथ सोडून रोज पडत होता, आणि लोक म्हणाले की या हलक्या अन्नाला आमचा जीव विटला. मान्ना बदलला नव्हता.

तिसरे, मार्कचे शुभवर्तमान हाताने उतरवून काढा. ते सगळ्यात लहान, सोळा अध्यायांचे. रोज पाच-सहा ओव्या, पाठ असल्या तरी पुस्तकात पाहूनच. आपले डोळे ओळखीच्या मजकुरावरून घसरतात; हात घसरत नाही. लिहिताना कळते की इथे "लागलेच" किती वेळा आहे, की शिमोन पेत्राची सासू तापाने पडली होती तेव्हा त्याने तिचा हात धरला, की वादळात तो नावेच्या मागच्या भागात उशीवर निजला होता. उशी! मी हा प्रसंग कितीदा सांगितला असेल, मला उशी दिसली नव्हती. मी स्वतः असे उतरवायला अकरा महिने घेतले. घाई नको. एखादे वाक्य लिहिताना हात अडला, लिहवेना, तर तिथेच थांबा. माझ्या अनुभवात प्रभू बोलतो ते बहुधा अशा ठिकाणी.

चौथे थोडक्यात. त्या नव्या बाईशी मैत्री करा. तिला शिकवायला जाऊ नका, विचारायला जा. तिला प्रभुभोजनात काय दिसले ते ऐका. नवख्या माणसांनी जुन्यांना नेहमीच काही दिले आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. जी जुनी पुराणे सोडून आलो त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही नको काय, या नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या मागणीतून ते उभे राहिले. जन्मापासून ख्रिस्ती असलेल्या त्या पाद्रीला आपली जुनी गोष्ट ओवीत, मराठीत, पहिल्यापासून पुन्हा सांगावी लागली. मला खात्री वाटते की सांगताना त्यांनाही ती नवी झाली असणार.

प्रभुभोजनाबद्दलही विचारले आहे, की मन लागत नसेल तर दूर राहावे का. नको. पौल करिंथकरांना स्वतःची परीक्षा करा म्हणतो, आणि परीक्षा करून भाकर खावी असेच म्हणतो. न खाता घरी जावे असे नाही. आदल्या रात्री ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याला फोन करा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळ्यांना हेच सर्वांत अवघड जाते. तुमच्या पत्रात एका धाकट्या जावेचा उल्लेख अर्ध्या ओळीत येऊन गेला आहे. मी त्याबद्दल जास्त विचारत नाही, पण ती अर्धी ओळ मला दिसली.

राहिला मुलगा. त्याला अजून उत्तर द्यायचे आहे. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने बारा धोंडे रचले ते याचसाठी, की पुढे मुले विचारतील, या धोंड्यांचा अर्थ काय? शास्त्राने मुलाचा प्रश्न आधीच धरून ठेवला आहे, तो उद्धटपणा नाही. तुम्ही त्याला सांगा, "त्या दिवशी मी नीट उत्तर दिलं नाही. मलाही शोधायचं आहे." आईने असे म्हणणे त्याला आयुष्यभर पुरेल. उत्तर तयार करून मग त्याच्याकडे जाऊ नका. दिवाळीच्या सुट्टीत त्याला गावी न्या, रजिस्टर दाखवा, पणजोबांची विहीर अजून असेल तर तीही. वाटेत तो आणखी दहा प्रश्न विचारेल, त्यांतल्या काहींना तुम्ही "माहीत नाही" म्हणाल, ते चांगलेच. आणि तुम्ही वही लिहायला बसाल तेव्हा त्याला शेजारी बसू द्या, हवे तर त्याचीही एक वही करा. दोघांनी शाईचे पेन घ्या. बॉलपेनने हात फार भराभर पळतो.